साहित्याचं लग्न आणि बिनस्टँडची सायकल

पुण्याहून भाचा आला. भाचा आला म्हणजे सायकल आली. सायकल गाडीच्या टपावर झोपून आली आणि भाचा गाडीत बसून आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "मामा, मी आता सायकलनंच फिरतो." मी एकदा टपाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहुण्याला पहिल्याच दिवशी बोलू नये म्हणून आत चहा टाकायला सांगितला.

सायकल खाली उतरली तेव्हा चौक जमला. आमच्या पंक्चरवाल्यानं तिला चारी अंगांनी न्याहाळलं, दोन बोटांनी उचलून वजन पाहिलं. "कितीची पडली भाऊ?" भाच्यानं आकडा सांगितला. तो आकडा मी इथे छापत नाही. सोयाबीनचा भाव पाहता कोणाच्या तरी घरात भांडण लागेल. पंक्चरवाला जरा थांबला. मग म्हणाला, "इतक्याची सायकल, अन् स्टँड नाही?"

"स्टँडनं वजन वाढतं."

"मंग ठेवता कशी?"

"भिंतीला टेकवून."

"अन् भिंत नसली त?"

या प्रश्नाचं उत्तर पुण्यात अजून निघालेलं नाही. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, हे पुढचे तीन मुद्दे त्यानं मोठ्या मनानं सोडून दिले.

रात्री जेवताना बेत कळला. थंडीत कोकणचा किनारा सायकलवरून करायचा. तोही साधासुधा नाही, साहित्यिक. मासळीच्या खानावळीइतकंच लेखकाच्या घराशीही थांबायचं. मोबाइलच्या नकाशावर लाल ठिपके देऊन ठेवले होते. दापोली तालुक्यात पालगड, तिथे साने गुरुजींचं घर. तिथून समुद्राच्या अंगाला मुर्डी, श्री. ना. पेंडशांचं गाव. मग गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंड, केशवसुतांचं. खाली देवगड तालुक्यात धालवली, विंदा करंदीकरांचं. आणि शेवटी शिरोडा, जिथे वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शाळेत शिकवत होते. मधे खाड्या लागतात, त्या जंगलजेटीनं ओलांडायच्या: आगरदांडा-दिघी, वेश्वी-बाणकोट, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सायकल बोटीत चढवायची, पलीकडे उतरवायची. आयुष्यात एकदा तरी वाहनाला वाहनात बसवावं, असं काहीसं तो म्हणाला. टपावरून आलेल्या सायकलीनं हे ऐकलं की नाही, कोण जाणे.

तोंड वाकडं करायची माझी पूर्ण तयारी होती. सदर लिहिणाऱ्याला ती ठेवावीच लागते. पण बेत चांगला आहे, हे कबूल केलं पाहिजे. मालगुंडला मी जाऊन आलोय. केशवसुत 1866 सालचे. 1905 साली हुबळीला प्लेगनं गेले तेव्हा पुरते चाळीसही नव्हते. मास्तराचा मुलगा, स्वतः मास्तर. त्याच्या कवितेसाठी एका खेड्यानं कौलारू घर राखलं, कोकण मराठी साहित्य परिषदेनं स्मारक उभं केलं, 1994 साली कुसुमाग्रज येऊन त्याचं उद्घाटन करून गेले. गणपतीला आलेला माणूस सहज तिकडे वळतो आणि चपला काढून आत जातो. कवीच्या घरात चपला काढून जायची सवय लावणं ही लहान गोष्ट नाही. कोकणी माणूस आंब्याचा भाव कमी करत नाही आणि आपल्या लेखकाचाही नाही. आमच्याकडे दोन्हींची घासाघीस चालते.

सकाळी भाच्यानं विचारलं, "मामा, तुमच्याकडे असं काही नाही का? जाण्यासारखं?"

"पळून जाण्यासारखं?"

"बघायला जाण्यासारखं हो."

बायकोनं आतून उत्तर दिलं, "आहे की. समृद्धी महामार्ग."

खरं आहे. 701 किलोमीटरची समृद्धी आमच्या जिल्ह्यातून जाते, कारंजा-मालेगावच्या अंगानं. तिच्यावर मोटारसायकलीलाही मनाई, तिथे सायकलीला कोण विचारतो? म्हणजे समृद्धी आमच्या वावराच्या धुऱ्यावरून जाते, पण आपण तिच्यावर पाय ठेवायचा नाही. 2018 साली केंद्रानं देशातले मागे पडलेले जिल्हे निवडले, त्यात वाशीमचं नाव आलं आणि आम्ही 'आकांक्षित जिल्हा' झालो. आकांक्षा धरा, रस्ता सोडा, असा त्याचा अर्थ असावा.

"चल, पायी जाऊ," मी म्हटलं. "सायकल घे पाहिजे तर. हातात धरून."

तर मंडळी, एका हातात बिनस्टँडची सायकल आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेतलेला भाचा, आणि पुढे मी, अशी आमची वरात गावातून निघाली. वरात हा शब्द मुद्दाम वापरलाय. आपल्या गावात फार मोठं लग्न लागून गेलंय आणि गावाला त्याचा पत्ता नाही.

साहित्याच्या ओढीनं गावोगाव फिरायची कल्पना पुण्यात निघाली, असं भाच्याला वाटत होतं. ती साधारण अकराशे वर्षांपूर्वीची आहे. राजशेखर नावाचा पंडित कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारात होता, पण त्याचं घराणं मूळ आपल्या महाराष्ट्राकडचं. त्याच्या 'काव्यमीमांसे'त गोष्ट आहे. सरस्वतीला मुलगा झाला, त्याचं नाव काव्यपुरुष. एकदा आई ब्रह्मदेवाच्या सभेत वाद मिटवायला निघाली. पोरगं मागे लागलं. आईनं परत धाडलं. पोरगं रुसलं आणि घर सोडून चालायला लागलं. (आई सभेला गेली की मुलाचं काय होतं, हा विषय तेव्हापासूनचा.) पार्वतीनं विचार केला, याला बांधायला प्रेमाशिवाय दोर नाही. तिनं साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि त्याच्या मागावर सोडली.

तो पुढे, ती मागे. आधी पूर्वेला, अंग-वंगाकडे. तिथे गडी ढिम्म. पांचालात जरा वळला. अवंतीत आणखी थोडा. मग दक्षिण. ती प्रत्येक मुलखात नवा वेष करायची, नवं नाचायची, आणि तिथल्या बाया तिचा वेष उचलायच्या. त्याच्या बोलण्याची रीतही मुलखागणिक बदलत गेली: पूर्वेत गौडी, पांचालात पांचाली. शेवटी दोघं विदर्भात आली तेव्हा गडी पुरता विरघळला आणि तोंडून निघाली ती वैदर्भी. ज्या रीतीवर संस्कृतचे पंडित जीव टाकतात, ती. आणि विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांनी गांधर्व विवाह केला.

वत्सगुल्म म्हणजे वाशीम.

भाचा थांबला. सायकल टेकवायला भिंत शोधू लागला. "म्हणजे साहित्याचं लग्न इथे लागलं?"

"इथेच. राजशेखरानं कार्यालय आपल्याच मुलखात घेतलं, असं कनौजवाले म्हणाले असतील. म्हणोत बापडे."

"पण स्पॉट कुठे?"

हा स्पॉट मला एकदा चांगलाच नडलाय. काही वर्षांपूर्वी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो होतो. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही; तिथे अजून कामं पडतात. गावात एक लहानशी पाटी लावावी, एवढीच विनंती. साहेबांनी अर्ज वाचला.

"लग्न कधी झालं म्हणता?"

"सांगता येत नाही. पुस्तक दहाव्या शतकाच्या आसपासचं आहे."

"नोंदणी?"

"गांधर्व विवाह होता, साहेब. त्यात नोंदणी नसते."

"साक्षीदार?"

"नव्हते. दोघी विहिणींनी मागून आशीर्वाद दिला. हिमालयात."

"सध्या हे जोडपं कुठं राहतं?"

"कवींच्या मनात राहतं, असं लिहिलंय."

साहेबांनी शेरा मारला: पत्ता अपूर्ण. आणि खरं सांगू का, शेरा अगदीच चुकला असं मला आजही वाटत नाही.

बालाजीच्या मंदिराशी पोचलो. भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकात, भवानी काळू यांनी बांधलेलं हे मंदिर आणि शेजारचा देव तलाव गावाला पाठ आहे. तिथे जायचा रस्ता कुणालाही विचारा, तीन माणसं तीन बाजूंना बोट दाखवतील आणि तिन्ही वाटा बरोबर असतील. भाच्यानं कट्ट्याला सायकल टेकवली. मी त्याला त्याहून चौदाशे वर्षं मागे नेलं, कारण तिथे बोट दाखवायला कोणी नाही.

चौथ्या शतकात वाकाटकांच्या धाकट्या पातीनं वत्सगुल्मात राजधानी केली. पहिला राजा सर्वसेन. हा राजा कवी होता, आणि मंत्र्यांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून लिहिणाऱ्यातला नव्हता. 'हरिविजय' नावाचं महाकाव्य त्यानं महाराष्ट्री प्राकृतात लिहिलं. विषय: श्रीकृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला तो. पुढे आनंदवर्धनासारख्यानं त्याची दखल घेतली, कुंतकानं सुकुमार लेखणीची नावं सांगताना त्याला कालिदासाच्या पंगतीला बसवलं. म्हणजे पोचपावत्या काश्मीरकडच्या, तेव्हाच्या सर्वांत खडूस टीकाकारांच्या.

"वाचायला मिळेल?"

"नाही. हरवलं."

"म्हणजे?"

"इतरांनी आपापल्या ग्रंथांत घेतलेले चार तुकडे उरलेत. बाकी सगळं गेलं. आमचा कवी राजा होता, कालिदासाच्या पंगतीला होता, आणि आमच्याकडे त्याची प्रत नाही."

कोकणातल्या मास्तराचं घर आहे, पुस्तकं आहेत. विदर्भातल्या राजाचं घर नाही नि पुस्तकही नाही. भाच्याला क्षणभर वाईट वाटलं, मग त्यानं फोटो काढला. कशाचा काढला, ते मी विचारलं नाही.

राजाचं नाव तरी कसं उरलं, त्याचीही गंमत आहे. 1939 साली वाशीमलाच एक ताम्रपट उजेडात आला. सर्वसेनाच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, वत्सगुल्माहून दिलेला. मग वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला झिजलेला लेख पुन्हा तपासला आणि ही पाती नीट लावली. ताम्रपटात एक गोष्ट मला फार आवडते. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण जमीन दिल्याचा व्यवहार प्राकृतात. बापजाद्यांचा बडेजाव भारी भाषेत, आणि जमिनीचं काम लोकांना कळेल अशा भाषेत. सोळाशे वर्षं झाली याला. आता घरातला एक फेरफार काढा आणि मोठ्यानं वाचून दाखवा.

अजिंठा निघालाच म्हणून सांगतो. तिथल्या उत्तरकाळच्या वैभवाचा राजा हरिषेण, आणि सोळावं लेणं खोदवणारा त्याचा मंत्री वराहदेव. हरिषेण याच वत्सगुल्माच्या घराण्यातला. अजिंठ्याला जगातून माणसं येतात. त्या राजाचं गाव कुठलं, असं विचारत वाशीमच्या स्टँडवर उतरलेला माणूस मला अजून भेटायचाय. भेटला तर चहा माझ्याकडे.

"सगळं खरं मामा," भाचा म्हणाला, "पण समुद्र नाही ना."

समुद्र नाही. पण समुद्रावरचं आद्य महाकाव्य म्हणावं असं जे प्राकृतात आहे, ते 'सेतुबंध', ते या बिनसमुद्राच्या विदर्भातलंच. त्याचा कर्ता वाकाटकांच्या थोरल्या पातीचा दुसरा प्रवरसेन, रामटेकाकडच्या नंदिवर्धनाचा. आमच्या सर्वसेनाच्या भाऊबंदातला. रामाचा सेतू हा विषय. वानर डोंगर उपटून आणताहेत, समुद्रात फेकताहेत, समुद्र उसळतोय. बाणभट्टानं त्याची कीर्ती समुद्रापलीकडे गेल्याचं लिहिलंय, दंडीनं महाराष्ट्री भाषेचा मोठेपणा सांगताना याच काव्याकडे बोट दाखवलंय. अकबराच्या काळात त्यावर टीका लिहिली गेली. 1880 साली गोल्डश्मिट नावाच्या जर्मन पंडितानं ते स्ट्रासबुर्गला छापलं, पुढे जर्मन भाषांतरही दिलं. स्ट्रासबुर्गलाही समुद्र नाही. म्हणजे समुद्र नसलेल्या राजानं समुद्र लिहिला आणि समुद्र नसलेल्या गावी तो छापला गेला. कोकणातल्या माणसाला समुद्र रोज दिसतो, म्हणून तो त्याच्यावर इतकं कमी लिहितो, अशी मला शंका आहे. (ही शंका रत्नागिरीला बोलू नये, हे मला कळतं.)

आणि पाण्याचंच म्हणाल तर आमच्या एका जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. काटेपूर्णा इथल्या डोंगरांत उगवते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी मात्र वर्धेतून, प्राणहितेतून, गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. पाऊस पडला की थेंबानं ठरवायचं, पश्चिमेला जायचं की पूर्वेला. माणसांनी मात्र फार पूर्वीच ठरवून टाकलंय: पुण्याला.

किनाऱ्यापर्यंत पायी जायची हौसही आमच्याकडे जुनी आहे, फक्त ती हौस नव्हती, पोट होतं. बंजारा समाजाला लमाण म्हणतात, आणि तो शब्द लवणावरून आला, असं सांगतात. लवण म्हणजे मीठ. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून हे तांडे किनाऱ्याकडचं मीठ आत आणायचे आणि इकडचं धान्य फिरवायचे. रस्ते नकाशात येण्याआधी ते त्यांच्या बैलांना माहीत होते. 1867 साली आगगाडी नागपूरला पोचली आणि हा धंदा हळूहळू उठला. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ही बंजाऱ्यांची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, आणि 2024 च्या ऑक्टोबरात तिथे नगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालयही उघडलं. भाचा ज्या शिरोड्याला जाऊन थांबणार आहे, तिथे 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्याला मी म्हटलं, तू सायकलनं मिठापर्यंत जातोयस आणि आपल्याकडे मीठ बैलानं घरापर्यंत यायचं. लेका, फरक फक्त दिशेचा आहे. आणि बैलाला स्टँड लागत नाही.

मध्यमेश्वराच्या मंदिरात गेलो. इथे मला जरा जास्त वेळ थांबायला आवडतं. पूर्वीचे ज्योतिषी पृथ्वीची मध्यरेषा लंकेपासून मेरूपर्यंत ओढायचे, आणि ती कोणकोणत्या गावांवरून जाते त्यांची यादी द्यायचे. भास्कराचार्यांच्या 1183 सालच्या 'करणकुतूहला'तल्या यादीत उज्जयिनीच्या अलीकडे वत्सगुल्माचं नाव आहे. मध्यमेश्वर हे नाव त्या रेषेवरून पडलं, असं गाव मानतं. भाच्यानं ताबडतोब मोबाइलवर रेखांश पाहिला. "मामा, उज्जैन पंचाहत्तर पूर्णांक काहीतरी, आणि वाशीम सत्याहत्तर! तुम्ही दीडेकशे किलोमीटर बाजूला आहात."

आहोत. त्यात काय. लंडनमध्ये ग्रिनिचला 1884 पासून जगानं मान्य केलेली शून्य रेषा आहे. जमिनीत धातूची पट्टी, आणि जगभरचे लोक एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. त्यांचा मोबाइल मात्र खरा शून्य रेखांश त्या पट्टीपासून 102 मीटर पूर्वेला दाखवतो. पट्टी कोणी उखडली नाही. फोटो कमी झाले नाहीत. त्यांची चूक 102 मीटर म्हणून ती वारसा, आमची दीडशे किलोमीटर म्हणून ती अंधश्रद्धा? प्रमाण मोठं असेल, पण आमचा प्रयत्नही साडेआठशे वर्षं जुना आहे. भाचा हसला, आणि एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून उभा राहिला. सायकल मी धरली. भिंत लांब होती.

पद्मतीर्थाला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. इथे लोक अस्थिविसर्जनाला येतात, त्यामुळे कोणी घाईनं बोलत नाही. भाचाही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, खरं सांगू? सगळं ऐकायला भारी आहे. पण दिसत काहीच नाही."

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मला त्या कचेरीत सुचायला हवं होतं तेव्हा सुचलं नाही. 1689 साली जपानमध्ये बाशो नावाचा कवी पायी उत्तरेकडे निघाला. जुन्या कवितांमधली ठिकाणं बघायची होती. कित्येक ठिकाणी काही उरलं नव्हतं. डोंगर ढासळलेले, नद्यांनी वाट बदललेली. एका ठिकाणी मात्र जुना लेख कोरलेला दगड सापडला, तर गडी तिथे रडला. मत्सुशिमाच्या किनाऱ्यावरही तो गेला, आणि आज लोक त्याच्या पावलांवरून चालत जातात. म्हणजे दिसत नसलेलं बघायला गेलेला माणूस स्वतःच बघण्यासारखा झाला. पण बाशोकडे तरी कशाला जायचं? आपल्या मराठीत याहून जुनी सोय आहे.

महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी पायी हिंडले. विदर्भ, मराठवाडा, गोदाकाठ. पलीकडच्या लोणारच्या लीळा तर इथल्या माणसाला शेजारच्या वाटाव्यात. म्हाइंभटानं तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सांधलं. मग पुढच्या शतकात मुनिव्यासांनी 'स्थानपोथी' केली: स्वामी कुठे थांबले, देवळाच्या कोणत्या दारी बसले, कोणत्या दिशेला तोंड होतं, हे गावागणिक. मराठीतलं पहिलं गाइडबुक म्हणा. त्यात दाखवण्यासारखं काही नसतं: इथे निजले, इथे जेवले, इथे उभे राहिले. त्या प्रत्येक जागी महानुभावांनी काय केलं? ओटा बांधला. तिकीट नाही, कारंजं नाही, लाइट-साउंड नाही. एक ओटा. माणूस येतो, वाकतो, घडीभर बसतो, उठून पुढच्या ओट्याकडे जातो. सातशे वर्षं ही व्यवस्था चालू आहे आणि तिला कोणी पर्यटन महामंडळ म्हणत नाही.

म्हणून साहित्यविद्येच्या लग्नाला स्मारक मागणं ही माझीच चूक होती. स्मारक म्हटलं की निविदा येते, निविदेमागून फरशी येते, फरशीवर पुतळा येतो, आणि काव्यपुरुषाला मिशा असाव्यात की नसाव्यात यावर मोर्चा निघतो. ओटा म्हटला असता तर चार विटांत काम झालं असतं.

"पण स्पॉट?" भाच्यानं पुन्हा विचारलं. पुण्याचा आहे, सुटणार नाही.

"ओटा बांधला की तोच स्पॉट."

परत येताना पंक्चरवाल्याच्या दुकानाशी थांबलो. सकाळपासूनची हकीकत भाच्यानं सांगितली, लग्नासकट. पंक्चरवाल्यानं ऐकून घेतलं. त्याला राजशेखराचं काही वाटलं नाही, सर्वसेनाचं वाईट वाटलं. "कवी होता अन् पुस्तकच गेलं? कोणाजवळ दुसरी प्रत नव्हती काय?" मग म्हणाला, "ओटा बांधा भाऊ. माणसाले बसाले होते, अन् याईची सायकलबी टेकते."

दुसऱ्या दिवशी भाचा एकटाच सायकल घेऊन कारंजाला गेला. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्याला दुसऱ्याच कारणासाठी धाडला. कारंजाच्या जैन मंदिरांत शतकानुशतकं हस्तलिखितं जपली गेली. त्यांतून अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन आणि त्यांच्या सोबत्यांनी 1931 पासून कारंजाच्या जैन ग्रंथमालांत पुष्पदंताची अपभ्रंश काव्यं छापून आणली. 'णायकुमारचरिउ' 1933 सालचं. दहाव्या शतकातला कवी, विसाव्या शतकात बाहेर आला, कारण मधली हजार वर्षं कोणीतरी कपड्यात बांधून पोथी सांभाळली. सर्वसेनाला असा शेजारी मिळाला नाही, एवढंच. भाचा संध्याकाळी भाजलेल्या वांग्यासारखा होऊन परतला. काय पाहिलं विचारलं तर म्हणाला, "पोथ्या काही दिसल्या नाहीत. पण एकानं अर्धा तास बसवून सांगितलं. पाणी दिलं." म्हणजे अर्धा ओटा झालाच.

कोकणचा बेत कायम आहे. मालगुंडला जाईल, शिरोड्याला जाईल, जायलाच हवं. परवा फोनवर म्हणाला, लाल ठिपक्यांत एक वाशीमचा घातलाय, समुद्रापासून पाचेकशे किलोमीटर आत.

तेवढ्यावर गावानं बसून चालणार नाही. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला बालाजीपासून निघू. देव तलाव, पद्मतीर्थ, मध्यमेश्वर, आणि मग लग्नाचा ओटा कुठे घालायचा त्यावर तिथेच उभ्यानं वाद. ज्यांना जागा ठाऊक आहे त्यांनी यावं, ज्यांना नाही त्यांनी तर यावंच. चार विटा पंक्चरवाला देतोय. पायी या, सायकलनं या. स्टँड असलेली असली तर बरं. टोपी घाला, पाण्याची बाटली आपापली आणा. वाटेत समुद्र नाही.